दुखतं तिथे लागलेलं नसतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'ज्या मालिका मी जीव लावून पाहिल्या त्यांतल्या निम्म्याहून जास्त शेवटी-शेवटी तोंडावर आपटल्या. चित्रपटांचंही तेच. चिडून बोललो की मित्र म्हणतात, तुझ्या अपेक्षाच फार. खरंच माझं चुकतंय, की बनवणाऱ्यांना कळत नाही? आणि आणखी एका मालिकेचा शेवटचा सीझन राहिलाय. पाहू की सोडू?'

मी संकलक आहे. बावीस वर्षं दुसऱ्यांनी शूट केलेलं कापतोय आणि जोडतोय. चित्रपट, रोजच्या मालिका, वेब सिरीज, तिन्ही करून झालंय. त्यामुळे उत्तर त्या खुर्चीतून देतो, आणि थोडं सोफ्यावरूनही, कारण घरी मीही तुमच्याइतकाच वैतागतो. पुढे दोन-तीन मालिकांचे शेवट उघड केलेत, तेव्हा जपून वाचा.

तुम्हाला राग आला हे बरोबरच आहे. पण त्याचं जे कारण तुम्ही सांगता, ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. यात तुमचा दोष नाही. पाय दुखतो म्हणून पाय दाखवायला जावं आणि डॉक्टरांनी कंबर तपासावी, तसं हे आहे. प्रेक्षक म्हणतो, 'शेवट फसला.' आम्ही संकलनाच्या खोलीत शेवट उघडून बघतो, तर त्यात फारसं काही चुकलेलं नसतं. बिघाड चाळीस मिनिटं आधी झालेला असतो, मालिका असेल तर दोन सीझन आधी.

माझ्याच टेबलावरची गोष्ट सांगतो. दोन भावांचा चित्रपट होता. धाकट्यानं मोठ्याला फसवलंय, बोलणं तुटलंय, आणि शेवटी मोठा त्याला माफ करतो. पहिल्या ट्रायलला, म्हणजे प्रदर्शनाआधीच्या चाचणी खेळाला, तीसेक लोक बसले होते. बाहेर आल्यावर जवळपास सगळ्यांचं एकच म्हणणं: माफ करण्याचा प्रसंग खोटा वाटतो, नटानं जास्तच केलंय. आम्ही तो प्रसंग चार वेळा नव्यानं कापला. नटाचा क्लोजअप कमी केला, पाठमोरा शॉट घेतला, संगीत काढलं, परत घातलं. काही केल्या बसेना. शेवटी दिग्दर्शक थकून घरी गेला आणि मी सहज, पहिल्या रफ कटमधून, म्हणजे कच्च्या जोडणीतून, लांबी कमी करायला म्हणून काय काय उडवलं होतं ते बघत बसलो. त्यात पन्नास सेकंदांचा एक तुकडा सापडला. मोठा भाऊ जेवत असतो, फोन वाजतो, पडद्यावर धाकट्याचं नाव. तो फोन पालथा घालतो आणि जेवत राहतो. वाजायचा थांबल्यावर मात्र उचलून सरळ करतो आणि नाव मिटेपर्यंत बघत राहतो. बस, एवढंच. 'यातून गोष्ट पुढे जात नाही' म्हणून तो मीच काढला होता. तो परत घातला आणि शेवटच्या प्रसंगाचा जुना, न कापलेला कट जसाच्या तसा लावला. दुसऱ्या ट्रायलला लोकांचे डोळे ओले. तोच नट, तोच क्लोजअप. आणि गंमत म्हणजे त्या फोनचा उल्लेख एकानेही केला नाही.

तेव्हापासून ट्रायलनंतर मी 'आवडलं का?' असं विचारत नाही. 'घड्याळाकडे पहिल्यांदा कधी बघितलंत?' असं विचारतो. त्याचं उत्तर खरं येतं.

आता तुम्ही नाव घेतलं नसलंत तरी तुमच्या मनात असणारच अशी मालिका घेऊ: गेम ऑफ थ्रोन्स. २०११ ते २०१९, एकूण ७३ भाग. शेवटचा सीझन नव्यानं बनवा, अशा मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. लोकांचा मुख्य आक्षेप असा की शरणागतीच्या घंटा वाजत असताना ड्रॅगनवाली राणी डिनेरिस अख्खं शहर जाळते, हे अशक्य आहे. मला ते अशक्य वाटत नाही. तिच्यात ती आग होती, पहिल्या सीझनपासून पेरलेली होती. खरी अडचण हिशोबाची आहे. पहिले सहा सीझन दहा-दहा भागांचे, सातवा सात भागांचा, आठवा फक्त सहा. वाहिनी आणखी भाग द्यायला तयार होती, पण बनवणाऱ्यांनी आवरतं घेतलं.

भाग कमी झाले की सगळ्यात आधी जातात ते 'काहीच न घडणारे' प्रसंग. पहिल्या भागात राजाचा लवाजमा उत्तरेत पोचतो तेव्हा महिनाभराचा प्रवास करून आलेला असतो, आणि तो शीण माणसांच्या चेहऱ्यावर दिसतो. सातव्या सीझनमध्ये उत्तर टोकाच्या बर्फाच्या भिंतीपलीकडून मदतीचा निरोप निघतो आणि त्याच भागात ड्रॅगन येऊन हजर! अंतरं संपली. वाटेवरच्या शेकोट्या संपल्या आणि शेकोटीभोवतीच्या गप्पाही गेल्या. त्या गप्पांमध्ये माणसं हळूहळू बदलत होती. डिनेरिसचं एकटं पडणं दाखवायला सहा-सात शांत प्रसंग लागले असते. मिळाले दोन-तीन, तेही घाईत. मग घंटा वाजल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा एक क्लोजअप सगळा भार उचलणार कसा? नटीनं जीव तोडून केलंय, पण पन्नास सेकंदांचा तो फोन कुणीतरी आधीच कापलेला होता.

जाता जाता त्याच सीझनच्या तिसऱ्या भागाबद्दल. रात्रीची लढाई, ८२ मिनिटं, आणि घरोघरी लोक टीव्हीचा ब्राइटनेस वाढवून बघतायत. छायालेखकानं बाजू मांडली की घरचे टीव्ही नीट लावलेले नसतात. असेल बुवा. पण आम्ही रंग ठरवतो ते अंधाऱ्या खोलीत, महागड्या मॉनिटरवर, आणि लोक बघतात दिवा लावून. मी प्रत्येक काम लॉक, म्हणजे पक्कं, करण्याआधी एकदा साध्या फोनवर, खिडकीशेजारी बसून बघतो. त्यात दिसलं नाही तर ते नाहीच असं धरतो.

याच्या अगदी उलटं उदाहरण म्हणजे हाऊ आय मेट युअर मदर. तिथे घाई झाली नव्हती. उलट शेवट फार आधी ठरला होता. बाप मुलांना त्यांची आई आपल्याला कशी भेटली याची गोष्ट सांगतोय अशी मांडणी. मुलं खऱ्या आयुष्यात मोठी होणार, म्हणून शेवटच्या प्रसंगातल्या मुलांच्या प्रतिक्रिया २००६ मध्येच शूट करून ठेवल्या. मालिका चालली २०१४ पर्यंत, २०८ भाग. मधल्या आठ वर्षांत पात्रं बदलली. ज्या जोडीचं जमणार नाही असं मालिकेनं पुन्हा पुन्हा पटवून दिलं, तिलाच शेवटी एकत्र आणायचं, कारण ती फीत तयार होती! त्यासाठी अख्खा शेवटचा सीझन ज्या लग्नाभोवती फिरवला, ते लग्न शेवटच्या भागात काही मिनिटांत मोडलं. जिची नऊ वर्षं वाट पाहिली ती आई, तीही तितक्याच झटपट गेली. पुढे डीव्हीडीवर वेगळा शेवट दिला. हा शेवट २००८ मध्ये दाखवला असता तर उत्तम ठरला असता असं माझं प्रामाणिक मत आहे. नंतर गोष्ट वाढली, शेवट मात्र लहानपणीच्या सदऱ्यासारखा तेवढाच राहिला.

म्हणून 'आधी शेवट ठरवून लिहायला काय होतं यांना?' ही जी तक्रार सगळीकडे ऐकू येते, तिच्यात मला दम वाटत नाही. शेवट ठरवला तरी फसतं. दरवेळी ज्या माणसांना घेऊन निघालात, ती आता कुठे आहेत हे परत बघावं लागतं.

तिसरा प्रकार ताणण्याचा. हा सगळ्यात जास्त दिसतो आणि यातच बनवणाऱ्यांना सगळं कळत असतं. विमान पडून बेटावर अडकलेल्या माणसांची लॉस्ट २००४ मध्ये सुरू झाली तेव्हा ती कधी संपणार हे लिहिणाऱ्यांनाच माहीत नव्हतं. तिसऱ्या सीझनमध्ये नायकाच्या हातावरचं गोंदण कुठून आलं यावर अख्खा भाग आहे. ते कुणी विचारलं होतं? लेखकांनीच नंतर त्या भागाकडे बोट दाखवून सांगितलं की शेवटची तारीख हवी, नाहीतर आम्ही असलेच भाग लिहीत राहू. मे २००७ मध्ये वाहिनीनं जाहीर केलं की मालिका २०१० मध्ये संपेल. आजही चर्चा होते ती शेवटच्या भागाची, पण माझ्या मते नुकसान त्या तारखेच्या आधी झालं होतं. उत्तरं द्यायची सोय नसताना रोज नवे प्रश्न उघडत गेले. ते सगळे एका शेवटात मिटवायला जादूगार लागला असता.

रोजच्या मालिकांचं मी आतून पाहिलंय, म्हणून थोडं जास्त लिहितो. शूट होऊन तयार असलेल्या भागांना आम्ही बँक म्हणतो. सुरुवातीला बँकेत दहा-बारा भाग असतात आणि तोवरची मालिका देखणी असते. शॉट नीट, प्रकाश नीट, संवादाला तालीम झालेली. तीन महिन्यांत बँक संपते. मग आज शूट झालेलं उद्या दिसतं. कथा एकजण लिहितो, पटकथा दुसरा, संवाद तिसरा, आणि संवाद सेटवर येतात मेकअप चालू असताना. त्यात एखादा कलाकार आजारी पडला की त्याचं पात्र 'गावाला' जातं. प्रेक्षकसंख्येचे आकडे पडले की कुठलंसं गुपित फुटतं, आकडे चढले की तेच गुपित पुन्हा लपतं.

तुम्ही ज्याला फालतूपणा म्हणता ती एकाच चेहऱ्याची तीन वेळा दाखवलेली प्रतिक्रिया, ढँण ढँण करत, ती मी स्वतः लावलेली आहे. कशासाठी? भाग बावीस मिनिटांचा हवा आणि शूट साडेएकोणीस मिनिटांचं आलंय. रात्री अकराला ती अडीच मिनिटं कुठून आणायची? पाच चेहरे, प्रत्येकी तीनदा, थोडं स्लो करून, मागच्या भागाचा सारांश जरा लांबवून, झाली बावीस मिनिटं. एका रात्री तर मी खिडकीच्या पडद्याचं हलणं नऊ सेकंद ठेवलं होतं. सकाळी कुणीच काही बोललं नाही. कुणी बघितलंच नव्हतं, तयार झालेला भाग थेट गेला होता. तेव्हा अशा मालिकेवर चिडायचं असेल तर खुशाल चिडा, मी चिडतोच. फक्त 'लेखकाला अक्कल नाही' एवढ्यावर थांबू नका. बहुतेकदा लेखक हुशार असतो आणि त्याला झोप मिळालेली नसते.

चित्रपटांचं दुखणं वेगळं. तिथे वेळ असतो, पैसा असतो, आणि मग भीती येते. भीतीपोटी केलेली दुरुस्ती नेमकी चुकीच्या जागी होते. १९८२ चा ब्लेड रनर आठवा. ट्रायलच्या प्रेक्षकांना गोष्ट नीट कळली नाही, शेवट उदास वाटला. निर्मात्यांनी काय केलं? कळलं नाही म्हणताय, मग नायकाच्या आवाजात सगळं समजावून सांगणारं निवेदन घाला. शेवट उदास, मग मोटारीतून डोंगरदऱ्यांत जाणारं जोडपं दाखवा. त्या डोंगरांचे आकाशातून घेतलेले शॉट तर दुसऱ्याच चित्रपटाच्या, द शायनिंगच्या, उरलेल्या फुटेजमधले होते. रात्रंदिवस पाऊस पडणाऱ्या शहरातून एकदम लख्ख ऊन! १९९२ मध्ये निवेदन आणि तो शेवट दोन्ही काढून चित्रपट पुन्हा आला, आणि आज लोक नावाजतात तो हा किंवा त्यानंतरचा कट. प्रेक्षकांची तक्रार खरी होती. ती शब्दशः घेतली इथे घोळ झाला.

जस्टिस लीग या सुपरहिरोंच्या चित्रपटात तर दोन हातांनी एकच पोळी लाटली. एका दिग्दर्शकानं घरच्या दुःखामुळे काम सोडलं, दुसऱ्यानं मोठा भाग नव्यानं शूट केला, आणि २०१७ मध्ये दोन तासांचा चित्रपट आला. मधल्या काळात सुपरमॅन झालेल्या नटानं दुसऱ्या चित्रपटासाठी मिशी ठेवली होती आणि ती काढायची परवानगी नव्हती. मग संगणकावर मिशी पुसली. पहिल्याच दृश्यात त्याचा वरचा ओठ असा काही दिसतो की माणूस संवाद ऐकायचा विसरतो. २०२१ मध्ये पहिल्या दिग्दर्शकाचा चार तासांचा कट आला. तो थोर आहे असं मी म्हणणार नाही, निम्मा स्लो मोशनमध्ये आहे. पण तो एका माणसाचा आहे, आणि बघताना ते कळतं. मला वाईट चित्रपट चालतो. कुणाचाच नसलेला चित्रपट चालत नाही.

असे ठिगळ लावलेले चित्रपट ओळखायची खूण सांगतो, घरी करून बघा. पात्र पाठमोरं आहे किंवा लांबून दिसतंय, आणि नेमकं त्याच वेळी ते गोष्ट समजावणारं वाक्य बोलतं: 'म्हणजे ती किल्ली त्याच्याकडे होती तर!' ते वाक्य शूट झालेलंच नसतं. नंतर डबिंगच्या खोलीत बोलवून पाठीवर चिकटवलेलं असतं. ओठ दिसत नाहीत, म्हणून चालतं. एका चित्रपटात अशी दोन-तीन वाक्यं असणं साहजिक आहे. दहा-बारा सापडली तर कथा कापताना कुठेतरी मोडलीये आणि वरून पट्टी बांधलीये हे नक्की.

व्हीएफएक्सबद्दल, म्हणजे संगणकावर केलेल्या दृश्यकरामतींबद्दल, फार बोलत नाही. कॅट्स २०१९ च्या डिसेंबरमध्ये थिएटरला लागल्यावर सुधारलेली प्रत परत पाठवावी लागली. मांजर झालेल्या एका ज्येष्ठ नटीचा माणसाचा हात, अंगठीसकट, पडद्यावर तसाच राहिला होता. त्यात कलाकारांची चूक कमी, तारखेची जास्त.

वेब सिरीजवर मात्र माझा वैयक्तिक राग आहे, तो काढून घेतो. 'ही मालिका नाही, आठ तासांचा चित्रपट आहे' असं कुणी अभिमानानं म्हटलं की मला धडकी भरते. चित्रपटाची दोन तासांची गोष्ट आठ तासांत पसरली की तिसऱ्या भागापासून सहाव्यापर्यंत माणसं नुसती गाडीतून उतरतात, दार उघडतात आणि खिडकीतून बाहेर बघतात. भाग हा भाग असावा. त्याला स्वतःचं पोट असावं. आणि अलीकडे संवाद असे लिहिलेत की बघणारा फोनमध्ये डोकं घालून बसला तरी त्याला कळावं. पात्र खोलीत येतं आणि म्हणतं, 'मी खोलीत आलोय, कारण मला तुझा राग आलाय.' अरे, चेहरा आहे ना तुला!

आता अपेक्षांचं. मित्र म्हणतात तसं तुमच्या अपेक्षा जास्त नाहीत. त्या मालिकेनंच लावलेल्या आहेत. पहिल्या भागात जिनं तुम्हाला बारकाईनं बघायला शिकवलं, तिनं शेवटी 'एवढं बारीक काय बघता' म्हणायचं, हे चालणार नाही. पण एक सवय सोडा असं सुचवेन: पुढे काय व्हायला हवं होतं ते मनात लिहून ठेवायची. मीही करायचो. तसं घडलं नाही की चिडायचो आणि त्याला दर्जा म्हणायचो. दोन रागांतला फरक ओळखायला मला बरीच वर्षं लागली. 'मला हवं ते झालं नाही' हा राग दोन दिवसांत उतरतो. 'जे झालं ते कशामुळे झालं हेच कळलं नाही', हा उतरत नाही, वर्षांनंतरही कुणी विषय काढला की उसळतो. तुम्ही लिहिताना ज्या मालिकेबद्दल अजून पोटतिडकीनं बोलता, तिच्याबद्दलचा तुमचा राग दुसऱ्या जातीचा दिसतो.

बोलायचंही तसंच. 'भंगार' म्हटलं की समोरचा बचावाला उभा राहतो आणि गप्पा संपतात. 'चौथ्या भागात ती बहिणीला न सांगता घर विकते, तिथे मी सुटलो' असं म्हणून बघा. त्याला तो प्रसंग आठवावा लागतो. कित्येकदा तोही म्हणतो, 'हो रे, मीही तिथेच फोन उचलला.'

राहिला शेवटचा सीझन. तुम्ही मालिकेचं नाव दिलं नाहीत, तेव्हा ठोकताळा देतो. आधीच्या सीझनचे शेवटचे दोन भाग आठवा. एका फोनवर मिटलं असतं असं भांडण त्यात सीझनभर चाललं होतं का? मेलेलं कुणी परत आलं का? 'सहा महिन्यांनंतर' अशी पाटी येऊन अवघड प्रसंग गाळले का? दोन उत्तरं 'हो' असतील तर सोडा, कारण तो बिघाड नव्या सीझनमध्ये दुरुस्त होत नाही, त्याच्यावर इमारत उभी राहते. एकच असेल तर पहिले दोन भाग बघा, तिसरा लावायची आपणहून इच्छा झाली तर पुढे जा.

मी स्वतः एक मालिका सहा वर्षं पाहून शेवटचे दोन भाग राहिलेले असताना सोडली. बायकोनं पूर्ण पाहिली. दुसऱ्या दिवशी कपड्यांच्या घड्या घालता घालता तिनं मला शेवट सांगितला. चादर संपून उशांचे अभ्रे आले तोवर तिचं सांगून झालं होतं. मध्ये एकदा थांबून म्हणाली, 'इथे काहीतरी दाखवायला हवं होतं बघ, त्यांनी दाखवलं नाही, मी आपलं धरून चालले.' काय, ते विचारलं, तर तिनं तो प्रसंग रचून सांगितला. तीस-चाळीस सेकंदांचा असेल.